एमएसच्या बुशवर गुलाबी थर येऊन राहिला. व्हायब्रो वापरणाऱ्यांनी कृपया पाहावं

लेथवाली_हिंगणा | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचा लहान गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक टॅपिंग. बाबांनी उभा केला, मागच्या दिवाळीपासून मी पाहते. कूलरच्या पंपाला लागणारे पितळेचे निपल आणि त्याच पार्टीसाठी एमएसचे (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) बुश, म्हणजे आरपार छिद्राच्या आखूड नळ्या, हे आमचं मुख्य काम. आजवर बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) काढायचं काम दोन मावश्या कानस घेऊन हातानेच करायच्या. दिवसाला चारशे-पाचशे नग व्हायचे आणि संध्याकाळी दोघींच्या बोटांना चिरा. ते पाहवत नव्हतं, म्हणून यंदा २५ लिटरचं जुनं व्हायब्रो मशीन घेतलं, दगडांसोबत माल थरथरवून घासणारं.

शनिवारी पितळेचे निपल टाकले. सोबत १० मिमीचे त्रिकोणी सिरॅमिक दगड, मशीनवाल्याने दिलेलं पितळेचं लिक्विड आणि आमचं बोअरचं पाणी. तीन तासांनी काढले तर बर साफ, कडा गोल, पितळ लख्ख. मावश्यांनी हातात घेऊन पाहिले, खूप बरं वाटलं.

आज त्याच भांड्यात, त्याच दगडांत, तेच लिक्विड टाकून एमएसचे बुश चालवले. बाहेरून १६ मिमी, छिद्र १० मिमी, लांबी १२ मिमी, साधारण बाराशे नग. दोन तासांनी पाहते तर सगळे गुलाबी! अंगठ्याने जोरात घासलं की थोडा रंग निघतो, पूर्ण नाही. हे बुश पुढे झिंक प्लेटिंगला जायचे आहेत आणि शुक्रवारी माल द्यायचा आहे. माल खराब झाला का? आणि हे काढायचं कसं?

आणखी दोन गोष्टी विचारून ठेवते. निपलवर वाळल्यावर पांढरे ठिपके येऊन राहिले. आणि पाच-पन्नास बुशच्या छिद्रात दगड असे फसले की ठोकून काढावे लागले.

गाळा_अकरा | सोमवार, रात्री ९:३०

ताई, रंग नेमका कसा? पितळेसारखा पिवळट की तांब्यासारखा? त्यावर बरंच अवलंबून आहे.

लेथवाली_हिंगणा | सोमवार, रात्री ९:३४

तांब्यासारखा. नवीन वायर सोलल्यावर आतली तार दिसते ना, तसा.

प्रयोगवही | सोमवार, रात्री १०:२०

मी शाळेत विज्ञान शिकवते. मशीनचं मला काही कळत नाही, पण हा रंग मी दरवर्षी दहावीच्या वर्गात दाखवते. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) निळ्या पाण्यात लोखंडी खिळा सोडायचा. थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर बसतो आणि पाण्याचा निळा रंग फिका होत जातो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून लोखंड पाण्यात उतरतं आणि पाण्यातलं तांबं त्याच्या जागी येऊन बसतं. तुमच्या भांड्यात हेच झालेलं दिसतं.

पाण्यात तांबं आलं कुठून, तर पितळेतून. पितळ उजळवणारी लिक्विडं साधारणपणे आम्लधर्मी असतात. घरी आपण समईला चिंच किंवा लिंबू लावतो त्यामागचं कारण तेच, आम्ल वरचा काळा ऑक्साइड विरघळवतं. शनिवारी तो विरघळलेला अंश दगडांच्या बारीक छिद्रांत आणि भांड्याच्या अस्तरावर राहिला. आज पुन्हा आम्ल घातलं, दगडांत अडकलेली पितळेची भुकटीही त्यात विरघळली, आणि समोर नुकतंच घासून उघडं पडलेलं लोखंड होतं. तांब्याला बसायला याहून चांगली जागा कुठली?

पितळेत जस्तही असतं, मग थर पिवळा का नाही? जस्तही विरघळतं, पण ते लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असल्यामुळे पाण्यातच राहतं. लोखंडावर बसतं ते एकटं तांबं, म्हणून गुलाबी. पितळ नुसतं घासून चिकटलं असतं तर रंग पिवळट दिसला असता. गाळा अकरांनी प्रश्न अगदी योग्य विचारला.

खात्री करायची असेल तर भांड्यातलं पाणी एका काचेच्या ग्लासात घ्या, चमचाभर तेच लिक्विड घाला आणि एक नवा खिळा पॉलिश पेपरने घासून त्यात सोडा. सकाळी पाहा.

जुना_टर्नर | मंगळवार, सकाळी ६:४०

बेटा, घाबरू नको. माल खराब झाला नाही. मॅडमनी कारण सांगितलं, मी उपाय सांगतो. छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली शेवटची बारा फिनिशिंगला.

थर फार पातळ असतो. पण तसाच ठेवून प्लेटिंगला पाठवू नको, त्यावर झिंक नीट धरेल याचा भरवसा नाही, आणि ओल लागली तर तांब्याखालचं लोखंड उलट लवकर गंजतं. स्वच्छ दगडांत, एमएसला चालणाऱ्या अल्कली लिक्विडवर अर्धा-पाऊण तास चालव. घासूनच निघून जाईल. ॲसिडमध्ये बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नको.

आता दगड. पितळेचे वेगळे आणि लोखंडाचे वेगळे, यात तडजोड नाही. दोन ड्रम ठेव, त्यावर मोठ्या अक्षरात रंगाने लिही. पैसे नसतील तर आधी एकाच धातूचे दगड घे, दुसऱ्याचं काम थांबव, पण मिसळू नको. याचं उलटंही होतं. लोखंडाची भुकटी दगडांत राहिली की ती गंजते आणि पुढच्या खेपेला पितळेवर तपकिरी डाग येतात.

सध्याचे दगड फेकायची गरज नाही. भंगारातले लोखंडी तुकडे टाक, तेच पितळेचं लिक्विड घाल आणि तासभर चालव. दगडांत दडलेलं तांबं त्या भंगारावर जाऊन बसेल. ते भंगार काढ, स्वच्छ पाणी सोडत भांडं चालू ठेव. पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं. मग हे दगड पितळेसाठी राख आणि एमएससाठी नवे घे. नव्या दगडांच्या कडा तीक्ष्ण असतात, त्यांचे टवके उडतात. म्हणून पहिले काही तास जॉब (घासायचा माल) न टाकता नुसते पाणी-लिक्विडवर फिरवून घे.

आता मूळ गोष्ट. लोक समजतात मशीन पॉलिश करतं. मशीन फक्त हलवतं. मोटरच्या शाफ्टवर वर-खाली दोन वजनं एका बाजूला झुकवलेली असतात. मोटर मिनिटाला साधारण १,४४० फेरे फिरते आणि त्या झुकलेल्या वजनांमुळे स्प्रिंगवरचं भांडं थरथरतं. दगड आणि जॉब एकमेकांवर घासत, पिळाच्या दोरीसारखे गोल फिरत जातात. घासायचं काम दगडांचं. आणि घासून निघालेला मळ उचलून बाहेर नेण्याचं काम पाण्याचं. पाणी मळ नेत नसेल तर तो दगडांच्या छिद्रांत बसतो, दगड गुळगुळीत काचेसारखे होतात आणि कापणं बंद होतं. मग लोक म्हणतात दगड खराब निघाले. तुझ्या भांड्याला खाली जाळी आणि नळी असेलच. वरून पाण्याची बारीक धार सतत सोड, त्यात लिक्विड एक-दोन टक्के, खालून घाण पाणी सतत बाहेर. तेच तेच पाणी फिरवत ठेवलं की मॅडमनी सांगितलेला प्रकार होतो.

तू जॉब आणि दगड किती प्रमाणात टाकले, ते लिहिलं नाहीस.

लेथवाली_हिंगणा | मंगळवार, सकाळी ७:०५

काका, मनापासून आभार. मॅडम, तुमचेही. खिळा रात्री ११ वाजता सोडला होता, सकाळी पाहिलं तर अर्धा गुलाबी. बाबांनाही दाखवला. ते म्हणाले, इतकी वर्षं धंदा केला पण हे माहीत नव्हतं.

प्रमाण मोजलं नव्हतं. अंदाजे निम्मे बुश, निम्मे दगड. आणि पाणी सोडत नव्हते. सुरुवातीला अर्धी बादली टाकली, तेवढंच.

जुना_टर्नर | मंगळवार, सकाळी ७:३०

निम्मे-निम्मे म्हणजे जॉबवर जॉब आपटतो आणि त्यांच्या अंगावर खड्डे पडतात. तुझे बुश लहान आणि जाड आहेत म्हणून वाचले. आकारमानाने एका भागाला तीन भाग दगड, इथून सुरुवात कर. नाजूक, आटे असलेले जॉब असतील तर सहा-आठ भाग. दोन्ही मिळून भांडं जवळजवळ भरलेलं हवं. रिकामं ठेवलं तर माल नुसता उडतो, गोल फिरत नाही. एका बुशला लाल रंग लाव आणि तो किती वेळात फेरी मारून परत दिसतो ते पाहत जा. फिरणं मंद वाटलं तर वजनांचा कोन बदलता येतो, पण मशीन बंद करून, प्लग काढूनच.

छिद्रात दगड फसायचं कारण असं. तुझं छिद्र १० मिमी, दगडही १० मिमी. नवा दगड आत जात नाही, पण दगड झिजतो. झिजून नऊ-साडेनऊ झाला की टोकाने घुसून बसतो. दगड एक तर छिद्राहून चांगला मोठा हवा, नाहीतर एवढा लहान की दोन जोडीने आले तरी सहज निघून जातील, म्हणजे छिद्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तुझ्या बुशला १५ मिमीचे घे. आणि दर महिन्याला दगड चाळून घे, झिजलेले बाजूला काढ. ती चाळणी तुला मशीनइतकीच उपयोगाची पडेल.

इतवारी_ओळ | मंगळवार, दुपारी २:१५

आमचं काम सराफा ओळीत, चांदीचं. पैंजणाच्या कड्या, घुंगरू, जाळीकाम. आमच्याकडे दगड चालतच नाही, धातू खाऊन टाकेल आणि वजन कमी झालं की गिऱ्हाईक विचारतं. आम्ही चुंबकाचं यंत्र वापरतो. खाली चुंबक फिरतं, वर भांड्यात स्टीलच्या केसासारख्या बारीक पिना, जाडी ०.३ ते ०.५ मिमी, लांबी ५ मिमीच्या आसपास. त्या जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यात जातात. धातू काढत नाहीत, दाबून चकाकवतात. आधी माझे आजोबा रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने हाताने करायचे. तुमच्या निपलवर आटे असतील आणि आट्यात चमक हवी असेल तर शेवटचा हात यावर घेऊन पाहा. पण बर काढायची अपेक्षा ठेवू नका. जाड बर पिनांनी जात नाही, उलट आत वळून दाबला जातो.

नवशिका_बुटीबोरी | मंगळवार, दुपारी ४:०२

मी आयटीआय करून राहिलो. विचारायचं होतं की ॲल्युमिनियम याच लिक्विडवर चालते का? आमच्या इथे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट आहेत, बंद ढोलात फिरवायचं म्हणून राहिले.

जुना_टर्नर | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

बेटा, बंद ढोलात ॲल्युमिनियम आणि पाणी म्हणजे जपून. घासून निघणारी ॲल्युमिनियमची ताजी भुकटी पाण्याशी लागली की हायड्रोजन वायू तयार होतो. उघड्या व्हायब्रोमधून तो उडून जातो, बंद ढोलात दाब वाढत जातो. एका गाळ्यात झाकणाचा बोल्ट सैल करताच पाणी छतापर्यंत उडालेलं मी स्वतः पाहिलं. झाकण उघडणाऱ्या माणसाचा चेहरा बाजूला होता, हे नशीब. शिवाय हायड्रोजन पेट घेतो. जवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असेल तर विचारच नको.

उघड्या भांड्यात कर. लिक्विड न्यूट्रल घे. अल्कली घातलं की ॲल्युमिनियम काळं पडतं. आणि दगड सिरॅमिकऐवजी प्लास्टिकचे, ते हलके असतात, मऊ धातूला खड्डे पाडत नाहीत. आणि मास्तरांना न विचारता काही चालू करू नको.

नवशिका_बुटीबोरी | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

समजलं काका. सुपरवायझरला दाखवतो हे.

गाळा_अकरा | मंगळवार, रात्री ८:४०

ताईंचा पांढऱ्या ठिपक्यांचा प्रश्न मागे राहिला. ते पाण्यातले क्षार. उन्हाळा संपता संपता आपल्या कूलरच्या पॅडवर पांढरा कडक थर चढतो ना, तेच निपलवर होऊन राहिलं. पाणी उडून जाते, क्षार जागेवर राहतात. बोअरचं पाणी मशीनमध्ये चालू द्या, पण शेवटची धुणी आरओच्या किंवा बॅटरीच्या पाण्यात द्या. दोन बादल्या पुरतात.

आणि धुतल्यावर लगेच वाळवा. आम्ही लकडगंजच्या आरा मशीनवरून लाकडाचा भुसा आणतो, कोरडा करून त्यात माल घोळवतो. मे महिन्यात तर टिनाखाली पसरवला की पाच मिनिटांत कोरडा, पण पावसाळ्यात भुशाशिवाय एमएसला दुपारपर्यंत गंज दिसतो.

जुना_टर्नर | मंगळवार, रात्री ९:१५

भुशाबद्दल माझं मत वेगळं आहे. लकडगंजला सागवान जास्त कापलं जातं, सागाचा भुसा तेलकट, पितळेवर डाग ठेवू शकतो. भुशात बारीक धूळही फार, ती आट्यात जाऊन बसते. मक्याच्या कणसाचं बुरकुंड दळून चाळलेलं मिळतं, ते पाणीही पितं आणि पुसूनही काढतं. त्यात थोडी पॉलिशची पेस्ट टाकून कोरडंच सहा-आठ तास फिरवलं की पितळेला आरशाजवळची चमक येते. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा त्याहून थोडा कडक, तो आधी आणि बुरकुंड शेवटी. मात्र कोरड्या कामाला झाकण आणि तोंडाला मास्क हवाच. आणि ओल्या कामाचं भांडं यासाठी वापरायचं नाही.

एमएसच्या शेवटच्या धुणीत गंजरोधक घालायला विसरू नका.

गाळा_अकरा | मंगळवार, रात्री ९:३२

सागाचं पटलं काका. आम्ही आंबा-निलगिरीचा मिळाला तरच घेतो, पण बुरकुंड एकदा करून पाहतो.

प्रयोगवही | बुधवार, सकाळी ७:५०

लेथवाली ताई, एक कळकळीची विनंती. ते घाण पाणी कुठे सोडता? त्यात तांबं आहे हे आता आपल्या खिळ्यानेच सिद्ध केलं. वाडी आणि एमआयडीसीचा काही भाग अंबाझरी तलावाच्या पाणलोटात येतो, आणि नाग नदी अंबाझरीतूनच पुढे शहरात जाते. विरघळलेलं तांबं मासे आणि पाण्यातल्या जीवांना फार थोडंही घातक असतं. मी दर वर्षी मुलांना घेऊन तलावावर जाते, म्हणून लिहिते. रागावू नका.

उपाय अवघड नाही. एका टाकीत पाणी साठवा. चुन्याची निवळी घालत पीएच कागदावर ८.५ ते ९ पर्यंत आणा, तांबं हायड्रॉक्साइड होऊन गाळात बसायला लागेल. मग थोडी तुरटी, घरी गढूळ पाण्यात फिरवतो तीच, म्हणजे बारीक गाळ गोळा होऊन खाली जातो. तुरटीने पीएच उतरतो, म्हणून कागद पुन्हा लावून पाहा आणि लागला तर चुना वाढवा. रात्रभर थांबा, वरचं नितळ पाणी वेगळं करा.

एमआयडीसी_जुनी_लाइन | बुधवार, सकाळी ११:२०

मॅडमचं बरोबर. पण नितळ पाणीही तपासून आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जे लिहिलं असेल त्याप्रमाणेच सोडायचं. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे, जाऊन विचारलं की माहिती मिळते. खालचा गाळ वाळवून पोत्यात भरा, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. घातक कचऱ्याची सामायिक सोय बुटीबोरीला आहे. लहान गाळेवाले तीन-चार जण मिळून पाठवतात.

लेथवाली_हिंगणा | बुधवार, दुपारी १:०५

मॅडम, रागावण्यासारखं काही नाही. खरं सांगते, शनिवारचं पाणी मोरीत गेलं. मला कळायला हवं होतं. आजपासून २०० लिटरचा ड्रम लावला आहे. शेजारच्या दोन गाळ्यांशी बोलले, गाळ एकत्र पाठवायला तयार आहेत.

लेथवाली_हिंगणा | गुरुवार, रात्री १०:४८

काय काय केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणाला लागलं तर सापडेल.

जुने दगड काकांनी सांगितल्याप्रमाणे भंगारावर चालवले. लेथच्या एमएसच्या जाड कटिंगचे तुकडे टाकले होते. तासाभरात तेच गुलाबी. दुसऱ्या खेपेला रंग फिका, तिसऱ्या खेपेला तुकडे पांढरेच राहिले. मग पाणी सोडून धुतलं. हे दगड आता पितळेचे, ड्रमवर पिवळ्या रंगाने "पितळ" लिहिलं. मावशींनी दुसऱ्या ड्रमला निळा रंग दिला, म्हणाल्या वाचता आलं नाही तरी रंग दिसतो.

एमएससाठी १५ मिमीचे नवे दगड आणले, बुधवारी संध्याकाळी चार तास रिकामे फिरवले. पहिल्या तासाला पाणी दुधासारखं पांढरं आलं, नंतर साफ. आज सकाळी बुश टाकले, एकाला तीन, वरून धार चालू, लिक्विड अल्कली. खेपा घेतल्या, प्रत्येकी ४० मिनिटं. गुलाबी रंग पूर्ण गेला. एकाही छिद्रात दगड फसला नाही. मायक्रोमीटरने प्रत्येक खेपेचे दहा बुश आधी आणि नंतर मोजले, बाहेरचा व्यास ५ मायक्रॉनच्या आतच कमी झाला. पार्टीची टॉलरन्स (चालणारा फरक) २० मायक्रॉनची आहे. कडा हाताला लागत नाही. शेवटची खेप रात्री नऊला उतरली.

आवाजाचं कोणी लिहिलं नव्हतं म्हणून सांगते. दिवसभर मशीनजवळ उभं राहिलं की डोकं दुखतं. मावश्यांसाठी कानाला लावायचे मफ आणले, आणि मशीन मागच्या खोलीत, सिमेंटच्या चौथऱ्यावर रबर टाकून हलवणार आहे.

जुना_टर्नर | शुक्रवार, सकाळी ६:२०

शाब्बास बेटा. तिसऱ्या खेपेपर्यंत थांबलीस हे फार चांगलं केलं, बरेच जण पहिल्याच खेपेला सोडून देतात. एक विसरलो होतो. व्यास सगळीकडे सारखा उतरत नाही, कडेला जास्त घासलं जातं. पुढच्या वेळी बुशच्या मध्यावर आणि टोकाला, दोन्हीकडे मोजून वहीत लिही. लेथवर टूलच्या खोल रेघा असतील तर त्या व्हायब्रोने जात नाहीत, ते काम लेथवरच व्हायला हवं. आणि भांड्याच्या आतल्या अस्तराकडे लक्ष ठेव. जुनं मशीन आहे, कुठे फाटलं तर लोखंडी भांडं उघडं पडेल आणि पितळेच्या खेपेला पुन्हा तेच सुरू होईल.

लेथवाली_हिंगणा | शुक्रवार, सकाळी ७:१०

आत्ताच बॅटरी लावून पाहिलं काका. खालच्या नळीजवळ बोटभर जागा झिजली आहे, पण लोखंड दिसत नाही. अस्तर दुरुस्त करणारा माणूस वाडीला आहे म्हणतात, माल पोचवून येताना त्याच्याकडे जाते.

इतवारी_ओळ | शुक्रवार, सकाळी १०:३०

ताई, निपल घेऊन इतवारीला या. दहा-वीस नग पिनांच्या यंत्रात टाकून दाखवतो, आटे कसे दिसतात ते पाहून मग ठरवा. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी या.